चार तारांची गिटार आणि शेवयांचं गाणं

बीबी, ता. लोणार
रविवार, दुपारी जेवण झाल्यावर

प्रिय मित्र गुलामभाई यास,

बीबीहून कचरूचा जयभीम. तुझा सलाम येईल तेव्हा येईल, माझं वालेकुम सलाम आगाऊ घेऊन ठेव. तीन महिने झाले, आपण दोघं तोंडाला टाके घालून बसलो आहोत, कोणीतरी आधी उसवायला पाहिजे. तुझा गुडघा वळतो का? नांदुऱ्याचं पाणी मानवलं का? फहीम आणि सूनबाई खुशीत असतील, दुकान बरं चालत असेल. आमचं म्हणशील तर सगळं ठीक. सिंधूची साखर ताब्यात आहे (सिंधू नाही). लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी जळणं चालू आहे, त्यामुळे माझं रिवायंडिंगचं दुकानही चालू आहे. फोन करायचा सोडून हा कागद कशाला काळा करतो, असं तू म्हणशील. तर भाई, फोनवरून माझा भरवसा उडाला. का उडाला तेच सांगायला बसलो आहे, जरा लांबण लागेल. चहा मागवून घे.

मी गिटार घेतली हे तुला माहीत आहे, पण कशी घेतली ते तुला शरमेपोटी कधी सांगितलं नाही. हिवरा आश्रमाकडच्या संघर्ष नावाच्या एका गुरुजींच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायला गेलो होतो. भिंतीवर ही टांगलेली. जवळ जाऊन पाहतो तर चारच तारा! माझा जीव कळवळला. एवढं मोठं धूड, आणि दोन तारा तुटून गेल्या तरी कोणी टाकल्या नाहीत. म्हटलं गुरुजी, ही अधू झालीच आहे, तर थोडी वाजवी लावून मला द्या. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि दिली. (मास्तर लोक असे गप्प बसले की आपण सावध व्हावं, पण मी कुठला होतो.) तिथून थेट मेहकरला, वाद्यांच्या दुकानात. म्हटलं, राहिलेल्या दोन टाकून द्या. दुकानदारानं आतून आपल्या बायकोला बोलावून आणलं आणि तिच्यासमोर मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "काका, हे बास गिटार आहे. हिले चारच तारा राह्यते." येताना एसटीत तिला मांडीवर घेऊन बसलो, पण तिच्या तोंडाकडे बघवेना. घरी येऊन गुरुजींना फोन केला, म्हटलं माझी चूक झाली, वरचे पैसे घ्या. तर ते म्हणाले, "मले माहीत होतं ना. पण तुमी तिच्याकडं असे पाहून राह्यले होते, जसं दवाखान्यात कोणाले भेटाले आले. म्हटलं जाऊ द्या यायच्याच घरी." आणि वर कानावर लावायचा मोठा हेडफोन फुकट पाठवून दिला. तो हेडफोनच पुढं आपल्या दोघांच्या मुळावर आला.

म्हातारपणी हा नाद कशाला, असं गाव विचारतं. तुला तरी सांगायला नको. एकतीस वर्षं आपली बँजो पार्टी चालली. तू वरातीच्या सामोर, बँजो गळ्यात, नवरदेवापेक्षा जास्त अत्तर लावून. आणि मी सगळ्यात मागं, जनरेटरच्या गाड्यावर, डिझेलच्या कॅनशेजारी. स्पीकरचे भोंगे पुढं तोंड करून. मागं काय यायचं? नुसतं खालचं, ढुम्म ढुम्म. लोकांनी तुझा बँजो ऐकला, मी त्याचं बूड ऐकलं. दर वरातीला पहिली तार छेडायच्या आधी तू ओरडायचास, "मागं ऐकू येते का बे कचरू?" आणि मी हात वर करायचो. आज खरं सांगतो, बँजो मला तिथून एकदाही नीट ऐकू आला नाही. पण माझा हात वर गेल्याशिवाय तू सुरू करत नव्हतास, म्हणून करायचो. तर ही गिटार घरी स्पीकरच्या डब्याला लावली आणि सगळ्यात जाड तार वाजवली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तोच आवाज! गाड्यावर बसल्यासारखं वाटलं, डिझेलचा वाससुद्धा आला. (पोटही उघडून पाहिलं तिचं. तारांखाली जी काळी पट्टी असते ना, तिच्यात तांब्याची तार गुंडाळलेली, केसाहून बारीक. म्हणजे आपलाच धंदा! मी मोटारीसारखं वॉर्निश पाजून उन्हात ठेवणार होतो, सिंधूनं ब्रश लपवला.)

रियाजाचं म्हणशील तर बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. शेजारच्या जनकाबाईंची तक्रार निराळीच. मी जाड तार ओढली की त्यांची म्हैस उत्तर देते, आणि उत्तर देण्याच्या नादात पान्हा चोरते. बाई दारात येऊन म्हणाल्या, "कचरूभाऊ, तुमी वाजवा, पण तिले बोलावू नका." तेव्हापासून स्पीकरचा डबा हळू ठेवतो आणि टोनचं बटन पार मिटवून टाकतो, म्हणजे नुसतं खालचं तेवढं राहतं.

आता मुद्द्यावर येतो. बोटं जरा वळायला लागली तशी मी आपली सलामी बसवली, तीच, जी वाजवल्याशिवाय तू कोणाची वरात हलू दिली नाहीस. तिचं फक्त बूड. मोबाईल धान्याच्या कोठीवर उभा केला, डबा त्याच्याजवळ, आणि सतरा वेळा चुकून अठराव्यांदा रेकॉर्ड केली. हेडफोन लावून ऐकली. काय सांगू भाई, छातीत जनरेटर चालू झाला! सिंधू शेजारी तुरीची डाळ निवडत बसली होती, तिचं गुणगुणणं मागून जरासं येत होतं, पण ते काय, भिंतीवर पाल चुकचुकते तसं. तुला पाठवली. तुझं उत्तर आलं, "भाभीचं गाणं आलं. अजून पाठव." मला वाटलं नजरचूक असेल. दुसरी पाठवली, आधीपेक्षा जोरकस. तू लिहिलंस, "मधात कुकर वाजला. भाभीले सांग, शिट्टी झाल्यावर गात जाय." तिसरी पाठवली. "भाभीचा गळा तसाच आहे बे. अजून पाठव." माझ्या चार तारांबद्दल चकार शब्द नाही! एकतीस वर्षं मी मागं बसलो, कधी बोललो नाही. आता पहिल्यांदा सामोर आलो तर तुला डाळ निवडणारी ऐकू येते, मी नाही? मी चिडलो. पाठवणं बंद केलं. तुझं नाव फोनमधून काढून तिथं 'कोणी नाही' असं लिहिलं. त्यानंतर तुझे दोन फोन आले, आणि दोन्ही वेळा सिंधूनं विचारलं, कोणाचा आहे, तर मी म्हटलं, कोणी नाही. (हे खोटं नव्हतं, पण चांगलंही नव्हतं.)

गेल्या बुधवारी तिनं धरलंच मला. भाईजी काऊन बोलून नाही राह्यले, असं विचारलं. मी फणकाऱ्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग ऐकवा तरी मले. डोक्याला नुकतंच तेल लावलेलं, म्हणून हेडफोन नको म्हणाली. तेव्हा पहिल्यांदाच मी ते रेकॉर्डिंग उघड्या मोबाईलवर लावलं. गुलामभाई, त्यात मी नव्हतोच! एक ढुम नाही. मोबाईलच्या त्या नखाएवढ्या भोंग्यातून खालचे सूर निघतच नाहीत म्हणे. सुपातली डाळ वाजते, कोंबडी ओरडते आणि सिंधू गुणगुणते, बस्स. तू जे ऐकलं होतंस तेच लिहिलं होतंस.

हसू यायला पाहिजे होतं, पण सिंधूचा चेहरा पाहिला आणि राहिलं. ती म्हणाली, "माह्या तोंडात हे कधी आलं? हे तं शाहजादीचं शेवयाचं गाणं होय." मी म्हटलं, ही आपली सलामी आहे. ती म्हणाली, "सलामी तुमची. भाईजीनं ते उचललं कुठून? आपल्या बायकोच्याच तोंडून. दरसाल उन्हाळ्यात आमी दोघी पाटावर शेवया वळत होतो, तवा ती हेच गात होती." म्हणजे एकतीस वर्षं सारा तालुका तुझ्या ओसरीवरच्या गाण्यावर नाचला आणि मला आज कळलं. शाहजादीभाभीला जाऊन दोन वर्षं झाली. तू बँजो चादरीत गुंडाळून फहीमच्या कपाटावर टाकलास, आता हात चालत नाही म्हणालास, आणि आम्ही ते खरं मानलं. तू सिंधूचं गाणं मागत नव्हतास, भाई. आणि तुला जे हवं होतं ते माझ्या हातात असताना मी तीन महिने रुसून बसलो. माफ कर म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून हा एवढा कागद खर्च केला.

फहीमला दुवा, सूनबाईंना नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्याला तेल.

तुझा,
कचरू (जनरेटरवाला)

ता. क. १ : सोबत मेमरी कार्ड चिकटवलं आहे. मोबाईलवर ऐकू नकोस! फहीमच्या दुकानात मोठा स्पीकर असेल त्यावर लाव. या वेळी सिंधूला शेजारी नाही, मोबाईलसमोर बसवून घेतलं आहे. खालचं माझं, वरचं तिचं. मधली जागा मोकळी सोडली आहे. ती कोणाची ते मी लिहीत नाही.

ता. क. २ : लिहितोच. कपाटावरून काढ आणि घेऊन ये. खामगावला बस बदल, पुढं मेहकर, तिथं मी उभा असेन. हात चालत नसेल तर नुसता बस. आता मी सामोरून विचारीन, मागं ऐकू येते का बे? तू हात वर कर. खोटा केलास तरी चालेल.

ता. क. ३, सिंधूच्या हातचं :
भाईजी, जयभीम. ह्यायनं हे पत्र तीनदा फाडून लिहिलं, म्हैस रोज अजून उत्तर देते, अन् फोनमदलं तुमचं नाव मी पुन्हा घालून ठेवलं हाय. एक गोष्ट सांगाची राह्यली. मले त्या गाण्याची पहिली ओळच येते. दुसरी शाहजादी शेवया तुटू नये म्हणून तोंडातल्या तोंडात म्हणत होती, मी कधी विचारली नाही. म्हणून मी नुसतं हूं हूं करते. तुमाले येत असन. पाट धुऊन ठेवला हाय, येऊन सांगून जा.