अंगणातली दोन मडकी

५ जानेवारी

परळला आलो. कोल्हापूरचं बिऱ्हाड टेम्पोतून उतरवायला अर्धी चाळ धावून आली. कपाटाला तर इतके हात लागले की मला हात लावायला जागाच उरली नाही. बिल्डरला चाळ पाडून टॉवर उभारायचा आहे आणि या माणसांना मुंबईबाहेर नेऊन टाकायचं आहे. बचाव समितीने मला बोलावलं ते बोलण्यासाठी. मी बोलेन. ज्यांच्या घामावर गिरण्या चालल्या त्यांना इथून हाकलायचा हक्क कोणाला नाही, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

तळमजल्याची खोली, दार थेट अंगणात उघडतं. शेजारी रखमाकाकू, गिरणीकामगाराच्या विधवा, गाव कणकवलीकडचं. मी वक्ता आहे हे कळल्यावर म्हणाल्या, मास्तरानू, सभेत काय ता ओरडा, घरात हळू बोला, माझा मांजर घाबरता. माझी बायको मृणाल दिवसभर ते आठवून हसत होती.

आमच्या लेकीला, मनूला, नवी जागा आवडली. सहा वर्षांची झाली तरी मी जवळ बसल्याशिवाय झोपत नाही. मला अंगाई येत नाही, म्हणून मोर्च्यातली घोषणा तिच्या कानात कुजबुजतो: कोण म्हणतं देणार नाही? ती डोळे मिटून म्हणते, घेतल्याशिवाय राहणार नाही. उत्तर आलं नाही की समजायचं, झोपली.

११ जानेवारी

अंगणात पाण्याच्या टाकीसाठी खोदत होते, तिथे मडकी लागली. समितीचे सेक्रेटरी चिंतामणी यांनी काम थांबवलं. माझा जुना विद्यार्थी राजरत्न पुरातत्त्वाचं काम करतो, त्याला बोलावलं.

तो खड्ड्यात उतरला. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. फटीतून टॉर्च मारला तर आत तान्ह्या मुलाची हाडं. शेजारी बाईचा सांगाडा, घोट्याखाली पाय नसलेला. चाळीच्या आधी इथे भातखाचरं होती हे सगळ्यांना माहीत होतं. खाचरांच्याही खाली ही मायलेकरं निजली होती. राजरत्न म्हणाला, दख्खनच्या जुन्या वस्त्यांत तीनेक हजार वर्षांपूर्वी मेलेलं मूल असंच मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांचे पाय तोडून पुरत, बहुधा त्यांनी घर सोडून जाऊ नये म्हणून. मुंबईत असं काही त्याने कधी पाहिलं नव्हतं.

रखमाकाकू वाकून बघत म्हणाल्या, आमच्या ह्यांचे जिवंतपणीच तोडूक होये होते, सदा नाक्यावर. सगळे हसले. मीही हसलो.

कॅमेरा आणि माणसं घेऊन येईपर्यंत मडक्यांची तोंडं वेगळी करू नका, असं राजरत्नने मलाच बजावलं.

१२ जानेवारी

सभा झाली. अंगण भरलं होतं, गॅलऱ्या भरल्या होत्या. मी बोलत गेलो. बिल्डर कागद मागतो, तुमच्याकडे काय पुरावा आहे विचारतो. खड्डा व्यासपीठाला लागूनच होता. मी उतरलो, एक मडकं ओढून काढलं आणि डोक्यावर धरलं. हा आमचा सातबारा, म्हणालो. इतक्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या.

मडक्यातली माती खाली सांडली. पुढे बसलेल्या मनूच्या केसांत, मांडीवर. मृणालने तिला लगेच न्हाऊ घातलं. अंगण पोरांनी झाडलं, चहाचे कप, फुलं, माती, सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं.

१४ जानेवारी

राजरत्न आला. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्याने एवढंच विचारलं, सर, ती माती कुठंय? उरलेल्या मडक्यात हाड नव्हतं. बोटभर हाडं, माशाच्या काट्यांसारखी, थोडी मोरीतून गेली, थोडी गाडीतून. त्याने रिकामी मडकी पुन्हा तोंडाला तोंड लावून ठेवली, वर ताडपत्री घातली.

मनूला ताप नाही, पण ती गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर निजते. पलंगावर ठेवली की उतरते.

१७ जानेवारी

तिचे पाय गार. उभी राहत नाही. दुखतं का विचारलं तर मान हलवते. आई येतेय, म्हणते. मृणाल तिच्या उशाशीच बसलेली असते.

भर दुपारी ताडपत्रीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत धुळीत एक रुंद पट्टा. पोतं ओढत नेल्यासारखा. दोन्ही बाजूंना हातांचे पंजे.

१९ जानेवारी

इस्पितळात नेलं. फाटकाबाहेर पडताच मनूचा श्वास अडकला, ओठ निळे. कसेबसे पोचलो. ऑक्सिजन लावला तरी तशीच. डॉक्टर म्हणाले रिपोर्टमध्ये काही नाही. मृणालने कोणाचं न ऐकता तिला उचलून परत आणलं. फाटकाच्या आत पाऊल टाकताच श्वास सरळ.

इथून कोणाला हलू देणार नाही, असं मी शेकडो लोकांना सांगितलं. आता माझी मुलगी फाटकाबाहेर कशी काढू?

२० जानेवारी

तिला पाहिलं, खड्ड्यातल्या बाईला. नळावर बायका पाणी भरत होत्या, त्यांच्या पायांशी बसली होती. मातीच्या रंगाची. कोपरांवर सरकत प्रत्येक दारात जात होती, आत डोकावत होती. रागावलेली नव्हती — मुलाला हाका मारून दमलेली बाई दिसते तशी.

आमच्या दाराशी थांबली. मनूकडे पाहून हसली.

रखमाकाकूंनी मला सावरलं. त्यांनीही पाहिली असावी. हसल्या नाहीत. म्हणाल्या, मास्तरानू, तिचा काय ता तिका देवा.

पण देऊ काय? मीच तर —

२१ जानेवारी

खड्ड्यात उतरलो. मडक्यावर हात ठेवून माफी मागितली. आवाज चढवता आला नाही. तिला म्हणालो, पोरीला सोड, मी राहतो.

वर आलो. मनूचा एक पाय कोमट. माझा उजवा गार.

२२ जानेवारी

पुन्हा उतरलो. दुसराही.

मनू उभी राहिली. धावली. मृणालला म्हटलं, आत्ताच्या आत्ता खोताच्या वाडीत तुझ्या मावशीकडे जा, मी सभा आटपून येतो. मनू फाटकातून चालत गेली. श्वास अडकला नाही. वळून हात केला — बाबा, लवकर ये.

मी भिंतीला धरून उभा होतो. तिला कळलं नाही.

२३

मृणालचे फोन. उचलत नाही. आवाज ऐकला तर ती येईल, मनूला घेऊन —

घोट्याखाली काही नाही. दिसतात पाय. माझे नाहीत.

सरकत खड्ड्यापर्यंत आलो. ऊन आहे. वही गुडघ्यावर.

ती शेजारी आहे. खांद्याला खांदा. तिने मडकं माझ्या मांडीवर ठेवलं. रिकामं आहे हे तिला माहीत आहे. तरी कान लावते. माझ्याकडे पाहते. पुन्हा कान —

मला अंगाई येत नाही, बाई. एवढंच येतं.

मडक्याला तोंड लावून हळूच म्हटलं. कोण म्हणतं देणार नाही —

थांबलो.

ती हसतेय. मडक्याच्या आतून, अगदी बारीक, झोपेतल्यासारखं — घेतल्या —