डोलणारी फळी

धारवाड, मंगळवार, नोव्हेंबर २००३

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर यांना डोलणाऱ्या फळीवर उभं राहायचा व्यायाम दिलाय. गोकुळ रोडच्या वर्कशॉपमधून ती करून आणली, खाली लाकडी अर्धगोल आहे. शाळेत खो-खो शिकवणारा माणूस, पण फळीवर खिडकीचा गज काही सुटत नाही. माझा हात तर नकोच.

आज संध्याकाळी वैतागून मीच चढले. फळी कलंडली आणि मी थेट पलंगावर. हे कितीतरी दिवसांनी हसले. "अगं, पायाकडे नको. मुंद नोड, समोर बघ," म्हणत आले आणि माझे दोन्ही हात धरून शिकवू लागले. चालताना लागणारी त्यांची काठी खुर्चीपाशीच राहिली होती. त्यांच्या लक्षात आलं नाही. मी मुद्दामच जरा जास्त वेळ डुलत राहिले.