तोमासाचा जीव आणायला

सान क्रिस्तोबाल,
३ नोव्हेंबर १९९९

चि. अन्सेल्मो यास पेत्रोनाताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. काहीतरी बरं लिहिण्यासारखं घडेल म्हणून थांबले होते. ते घडलं नाही, तेव्हा आहे तसं लिहिते. फोनच्या दुकानातून बोलता आलं असतं, पण तिथे सगळी गल्ली कान लावून बसलेली असते आणि दुकानवाली मध्येच सल्ले देते.

तुझी लेक खात नाही. मक्याची पेज केली तर दोन घोट घेते आणि वाटी सरकवते. बोलत तर गाव सोडल्यापासून नाहीच. मांडीवर घेतलं की हाडं टोचतात. दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाई भली आहे. तिने रक्त तपासलं, टॉनिक दिलं, पण दुखणं काही सापडत नाही म्हणाली. रुफिना रडत नाही, पण तिने मागाला हात लावलेला नाही. तुझी बायको विणत नाही म्हणजे काय, ते मी तुला सांगायला नको.

शेवटी नाडी पाहणाऱ्या मिकाएलाआजीकडे गेलो. आजीने पोरीचं मनगट धरलं, डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाली की जीव अंगात नाही. गावातल्या दुसऱ्या गटाने आपल्याला हुसकून लावलं त्या पहाटे, धबधब्याच्या वर ओढा ओलांडताना पोर पाण्यात गेली, तिथेच तो भेदरून बसलाय. रक्ताच्या माणसाने तिथे जाऊन पोरीचं अंगावरचं पोलकं दाखवायचं, फांदीने पाणी झोडपायचं आणि नावाने हाक मारायची. आला तर आला. नाही आला तर पोर अशीच वाळत जाईल. पुढच्या पावसाळ्याचं आजी काही बोलायलाच तयार नव्हती.

तू जाऊ शकत नाहीस. आपल्या गटातला पुरुष गावाच्या फाटकावर दिसला तर काय होईल ते दोघांनाही ठाऊक आहे. रुफिना पोरीपासून हलत नाही. उरले मी. खोऱ्यातल्या ट्रकने गेले तर फाटकावर उतरवून विचारतील, बाई, तुम्ही कोणत्या बाजूच्या. म्हणून मी सहलीच्या गाडीने जाणार आहे. हसू नकोस. मी ज्यांच्या दारात कमरपट्टे विकायला बसते, त्यांची गाडी रोज पहाटे निघते. आधी आपला धबधबा, मग आणखी एक, मग पालेंकेची जुनी माया लोकांची देवळं, आणि जेवणवेळ टळून गेल्यावर घरी. पर्यटकांची गाडी आली की फाटकावर डोकी मोजतात, तोंडं बघत नाहीत. भाड्याचं मी पाहिलंय, त्यात नाक खुपसू नकोस.

अडचण एकच आहे. सापडलेला जीव कुठे न रेंगाळता थेट घरी आणायचा असतो, आणि ही गाडी तर तिथून पुढे देवळं बघायला जाते. आजीपुढे हा पेच ठेवला. तिने पाइप ओढत बराच विचार केला आणि म्हणाली, मग काय, पोरीलाही दाखवून आण. पोलकं जमिनीला टेकू देऊ नकोस, आणि प्रत्येक ठिकाणाहून निघताना नावाने हाक मार, नाहीतर कुठेतरी रमून बसेल.

कळावे. तुझ्यावर लोभ आहे म्हणूनच इतकं उघड लिहिलं. पत्राचं उत्तर लवकर टाक.

तुझी ताई,
पेत्रोना

—

कांकून,
१२ नोव्हेंबर

ती. पेत्रोनाताईच्या पायी अन्सेल्मोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून भांडायलाच बसलो होतो, पण वडील आहेस म्हणून आधी नमस्कार घातला. आता भांडतो.

तुला कोणी ओळखणार नाही असं तुला वाटतं? अख्खं खोरं तुला पाठमोरी ओळखतं. आणि फाटकावर सध्या कोण बसतो माहीत आहे का? आपल्या मावशीचा मारियानो. सभेत उभं राहून हाकलायची म्हणून आपल्या घरांची नावं ज्याने वाचून दाखवली, तोच. त्याने चारचौघांत तुला खाली ओढलं तर तुझे ते सहलवाले काय करणार, फोटो काढणार? शिवाय ओकोसिंगोच्या वळणांवर तुझं काय होतं ते मी लहानपणापासून पाहत आलोय. त्या गोऱ्या लोकांच्या बुटांची मला आत्ताच कीव येते.

मीच यायला हवं होतं. पण इमारत पुरी झाल्याशिवाय मुकादम सोडत नाही, नाताळलाही सोडेल असं दिसत नाही. मी बरा आहे. मला वरच्या मजल्यांवरून काढून खाली सिमेंट कालवायला घातलंय, कारण मध्यंतरी परांचीवर चढलो असताना चक्कर आली. विशेष काही नाही. झोप तेवढी लागत नाही. समुद्र जवळ आहे आणि तो रात्रभर गप्प बसत नाही. बाकीच्या पोरांना तो आवाज आवडतो.

जाणारच असशील तर जागा नीट समजून घे. तू तेव्हा पलीकडच्या काठावर पोचली होतीस, तुला दिसलं नसेल. मधल्या डोहाच्या वर रानउंबराची मुळं खडकावर पसरली आहेत, तिथे. त्याच्या खाली उतरू नकोस, शेवाळ आहे. त्या पहाटेबद्दल याहून जास्त मला विचारू नकोस आणि पत्रातही लिहू नकोस.

डॉक्टरीणबाईचं टॉनिक बंद करू नका. तोमासाला माझा पापा दे, तिला कळो न कळो.

कळावे. तुझा लोभ मला पुरतोय, थोडा स्वतःच्या जिवावरही कर.

तुझा,
अन्सेल्मो

—

सान क्रिस्तोबाल,
२२ नोव्हेंबर

चि. अन्सेल्मो यास ताईचे अनेक आशीर्वाद. जाऊन आले. सगळं सांगते, मधलं वाचायचं सोडून शेवटाकडे पळू नकोस.

तुझं भाकीत खरं ठरलं, ओकोसिंगो यायच्या आतच. बूट मात्र वाचले, खिडकी उघडी होती. शेजारी हॉलंडची एक बाई होती, माझ्याच वयाची, येनेके नावाची. तिने माझी पाठ चोळली आणि आल्याची गोळी दिली. आमचा वाटाड्या आबेलार्दो पुढे बसून माईकवर बोलत होता. त्याचं सगळं लक्ष घड्याळात. जो वेळेवर गाडीशी येणार नाही त्याला सोडून जाईन, असं त्याने प्रत्येक थांब्यावर दोन भाषांत बजावलं.

फाटकावर मारियानोच होता. गाडीत डोकावून डोकी मोजू लागला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. मी समोर बघत राहिले. तो आकडा विसरला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि रस्त्यावरचा आडवा दोर खाली सोडला.

आपल्याच पाण्यावर मी तिकीट काढून गेले, अन्सेल्मो. बाकीची मंडळी पोहायचे कपडे घालून डोहात उतरली आणि मी उंबराकडे चढले. मेणबत्ती तुषारांनी पेटेना. दारूचे चार थेंब पाण्याला दिले, पोलकं उलगडलं, फांदीने पाणी झोडपलं आणि हाक मारायला लागले. बाळा, चल, आत्या आलीय, ते पाणी कधीच वाहून गेलं, आता भ्यायचं काही नाही. पण त्या गर्जनेत माझा आवाज मलाच ऐकू येईना. पोरीला काय ऐकू जाणार?

तेवढ्यात मागे पावलं वाजली. मारियानो. आता हा मला फरफटत नेणार असं वाटून मी पोलकं छातीशी धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाजूची एक फांदी मोडली, मुळांच्या पलीकडे उभा राहिला आणि पाणी झोडपत ओरडायला लागला, तोमासा, तोमासा, घरी चल. या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या माणसाला बोलावणारा त्याचा आवाज तुला माहीत आहे. सभेत आपली नावं याच तोंडाने वाचली होती. मला राग आला, रडूही आलं, आणि मी त्याच्या सुरात सूर मिळवून हाका मारत राहिले. पोलकं भिजून जड झालं तेव्हा गाठ मारून शालीत घेतलं.

मग तो म्हणाला, आणि भावाचं काय? मी म्हटलं, त्याचं काय? तर म्हणाला, त्या पहाटे पोर चकार शब्द बोलली नव्हती. ओरडला तो तुझा भाऊ. इतका ओरडला की वर घरांपर्यंत आम्ही सगळ्यांनी ऐकलं, माझ्या बायकोने पोरांचे कान झाकले. त्याचाही जीव इथेच बसलाय. तेव्हापासून संध्याकाळी फाटक लावल्यावर मी या बाजूला फिरकत नाही.

आम्ही सगळे पोरीच्या मागे लागलो, तुझी नाडी कोणी पाहिलीच नाही. तुला झोप नाही, चक्कर येते, हे तू पत्रात लिहिलंस आणि मी वाचून घडी घालून ठेवलं. तिथेच उभी राहून तुला हाक मारली. पण हातात तुझं काहीच नव्हतं, आणि कपड्याशिवाय जीव कुणाच्या मागे जाणार? मारियानो म्हणाला, त्यालाच येऊ दे. मी फाटकावर असेन त्या दिवशी ये म्हणावं, माझं मोजणं तसंही कच्चं आहे. मी त्याला माफ केलेलं नाही. पण हाक त्याने जीव ओतून मारली, हेही तितकंच खरं.

देवळांची गंमत ऐक. आबेलार्दो माईकवर गूढ आवाज काढून विचारत होता की एवढी शहरं बांधणारे माया लोक गेले तरी कुठे? मी मनात म्हटलं, इथेच आहेत, तिसऱ्या बाकावर, आणि त्यांना लघवीला लागलीय. खरोखरच लागली होती. पोलकं खाली ठेवायचं नाही, आत न्यायचं नाही, करू काय? येनेकेच्या हातात दिलं. आबेलार्दोला दुभाषा करून तिने माझ्याकडून त्यात काय आहे ते समजून घेतलं होतं. मी परत येईपर्यंत ती तान्हं मूल धरावं तसं दोन्ही हातांनी धरून उन्हात उभी होती, घाम पुसायलाही हात काढला नाही.

पायऱ्या मी चढले नाही. झाडाखाली बसून पोरीला दाखवत राहिले, हे बघ राजाचं घर, छत गळतंय, आपल्यासारखंच. निघताना उठून हाक मारली. येनेकेनेही मारली, वाकड्या जिभेने. मग गाडीतले सगळेच हाका मारायला लागले आणि आबेलार्दो घड्याळ दाखवत ओरडायला लागला. परत येताना गावाचं वळण आलं तेव्हा मी पोलकं शालीत घट्ट दाबून धरलं. पोरीने मागे बघू नये, एवढंच मनात होतं.

घरी आले तेव्हा ती झोपलेली होती. तशीच उचलून पोलकं घातलं. सकाळी रुफिना वेणी घालायला बसली, तर पोरीने फणी हिसकावून भिरकावली आणि वेणी नको म्हणून शेजारच्यांना ऐकू जाईल असा गळा काढला. तेव्हा कुठे रुफिना रडली. मग पोरीने मक्याच्या पिठाचे दोन तामाले खाल्ले आणि विचारलं, बाबा कुठे आहेत? मी म्हटलं, समुद्राकाठी कामाला आहेत. ती म्हणाली, समुद्र म्हणजे पाणीच ना? मग त्यांना तिथे ठेवू नका.

आता काय ते ऐक. अंगातला एक शर्ट न धुता पोस्टाने पाठव, मी पुन्हा गाडीत बसेन. नाहीतर स्वतः ये. आजी म्हणते, मोठ्या माणसाचा जीव हट्टी असतो, दुसऱ्याच्या हातात सहसा येत नाही.

कळावे. लोभ आहे तो आहेच, तो मला मागावा लागू नये एवढं कर.

तुझी ताई,
पेत्रोना

—

कांकून,
१ डिसेंबर

ती. पेत्रोनाताईस अन्सेल्मोचा सा. न. वि. वि.

तोमासाने फणी भिरकावली ते वाक्य मी मुकादमालासुद्धा वाचून दाखवलं. त्याला काही कळलं नाही.

ताई, मला इतके दिवस वाटत होतं की मी गप्प उभा होतो. तिचा हात सुटला आणि माझा हात रिकामा, एवढंच मला आठवत होतं. पुढे तिचे केस हाताला कसे लागले, मी पाण्यात कधी उतरलो, काही आठवत नाही. बाप असून तोंडातून आवाज निघाला नाही, याच्याच लाजेने मी इतक्या लांब येऊन राहिलो. आणि तू लिहितेस की मी इतका ओरडलो की मारियानोच्या पोरांचे कान झाकावे लागले. ते वाचून मी सिमेंटच्या पोत्यावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. मारियानोचा राग आहे तो आहे. पण हे त्याच्याकडून आलं नसतं तर मी ते मानलं नसतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे शर्ट कागदात बांधला आणि पोस्टात गेलो. रांगेत माझा नंबर आला, खिडकीतल्या बाईने हात पुढे केला, आणि मी पुडकं घेऊन तसाच बाहेर आलो. शर्ट पाठवत नाही. अंगात घालून येतोय. मुकादम म्हणाला, गेलास तर परत घेणार नाही. मी बरं म्हटलं. शनिवारची बस आहे. मारियानो फाटकावर असेल त्या दिवसाच्या गाडीत आपल्या दोघांना जागा सांगून ठेव, तुला खिडकीची.

रुफिनाला सांग, मागावर सूत चढवून ठेव. कळावे. मी पोचेपर्यंत लोभ आहे तसा सांभाळावा.

तुझा,
अन्सेल्मो

ता. क. हाक रक्ताच्याच माणसाने मारायची असते ना? मग माझ्यासाठी ती तोमासाने मारलेली चालेल का, एवढं मिकाएलाआजीला विचारून ठेव.