समोरच्या इमारतीतला परदेश

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. (पलंगावर पालथी पडून लिहिते आहे, तेव्हा नमस्कार अगदी शब्दशः पोचला असं समज.) तुझी कंबर आता काय म्हणते? मामीचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर गेला महिनाभर आमच्या घरात एकच विषय शिजतो आहे आणि अजून कच्चाच आहे: अकरावीचं वर्ष मी परदेशातल्या शाळेत, एका अनोळखी कुटुंबात राहून करायचं की नाही. शाळेने माझी निवड केली आहे. होय की नाही एवढंच सांगायचंय, आणि तेच कुणाच्या तोंडातून फुटत नाहीये.

तुझी बहीण तुला माहीतच आहे. गाडी शिकवणाऱ्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. इतकी वर्षं तो दाबून दाबून आईची अशी अवस्था झाली आहे, की घरात कुणी जरा वेग घेतला तरी तिचा पाय फरशीत रुततो. बाबा दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं की हे बरं?" विचारत असतात. स्वतःचं मत कामावर लागत नाही, त्यामुळे घरी आल्यावरही ते कुठे ठेवलंय हे त्यांना सापडत नाही.

शेवटी तोडगा आईनेच काढला. आधी आठवडाभर परक्या घरात राहून दाखव, म्हणाली. आणि परकं घर निवडलं ते आमच्या समोरच्या इमारतीतलं! (परदेश असावा, पण खिडकीतून दिसावा.) तिथल्या काकू आईकडे गाडी शिकतात आणि काका पियानो दुरुस्त करतात. मी मोठी बॅग ओढत रस्ता ओलांडला. दारात बाबा डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, चष्मा पुसतोय. (चष्मा आत टेबलावर होता.)

पहिल्याच जेवणाला माझ्या लक्षात आलं, की हे लोक माझ्यावर रागावले आहेत. कुणी अवाक्षर काढेना. सूप पितानासुद्धा आवाज नाही. मी मनातल्या मनात माझा गुन्हा शोधू लागले. भिंतीला एका पियानोचं झाकण टेकवून ठेवलं होतं, त्यावर मी ओला टॉवेल वाळत घातला होता, तेच असणार. दुसऱ्या दिवशी टॉवेल हलवला, शांतता मात्र जागची हलली नाही. मग ठरवलं, आपली अडचण नको. जेवण झालं रे झालं, की "येते हं" म्हणून खोलीत पळायचं. मामा, इतकी शहाण्यासारखी मी जन्मात वागले नसेन. आणि खोलीत जाऊन बसले की स्वयंपाकघरातून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा. माझ्यावरच हसत असणार, दुसरं काय!

त्यात आईची पिवळी गाडी. त्या आठवड्यात तिच्या प्रत्येक विद्यार्थ्याला नेमकं आमच्याच रस्त्यावर वळायला शिकायचं होतं. एक बिचारे आजोबा तर खिडकीखाली इतक्यांदा मागेपुढे झाले, की शेवटी मला ओळखीचा हात करू लागले.

मग एका संध्याकाळी मी पाण्याचा ग्लास परत ठेवायला गेले आणि काकूंनी माझ्या हातात फडकं कोंबलं. नळ सुरू झाला आणि काका बोलायला लागले! दिवसभर एकेक सूर ऐकून त्यांचे कान शिणतात, म्हणून जेवताना शांतता. गप्पा, बातम्या, भांडणं सगळं भांडी घासताना. हे मला सांगायला हवं, असं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण सगळ्या घरांत असंच असतं अशी त्यांची समजूत. आणि त्यांच्या लेखी मी कोण, तर भांडी दिसली की गुल होणारी शिष्ट पोरगी!

काकांनी विचारलं, "परदेशात कशाला जायचंय गं तुला?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं: भाषा सुधारते, स्वावलंबन येतं, दृष्टी विशाल होते.

"हे शाळेचं उत्तर झालं. तुझं काय?"

मी पातेलं पुसत राहिले. मग तोंडून निघून गेलं, "जिथे मला कुणीच ओळखत नाही, तिथे मी कशी वागते ते बघायचंय."

"आम्ही बघितलं की," काकू म्हणाल्या, "पळून जातेस!"

हसलो आम्ही, पण मला जरा लागलंच. तेवढ्यात खिडकीबाहेर लक्ष गेलं. तिथून आमचं स्वयंपाकघर सरळ दिसतं. आई माझ्या खुर्चीत, पाय चक्क टेबलावर (मी ठेवले की केवढं व्याख्यान!), आणि बाबा समोर उभे राहून कुणाची तरी नक्कल करत होते. आई हसून हसून वाकली होती. बाबा नकला करतात हे तुला माहीत होतं? सोळा वर्षं त्यांच्या घरात राहून मला नव्हतं. आधी राग आला, की माझ्यावाचून यांचं इतकं छान चाललंय. आणि मग नुसतं बघतच राहिले. एक रस्ता ओलांडला तर एवढं दिसलं. आणखी लांबून काय काय दिसेल?

रविवारी घरी आले. आईने विचारलं, "जमलं का?"

"नाही. पण का नाही जमलं ते कळलं."

तिने माझ्या हातातली बॅग घेतली. मग म्हणाली, "मला वाटलं, खिडकीत रडत बसली असशील. बघते तर तू भांडी पुसतेयस. इथे कधी पुसली होतीस गं?"

तर अशी सगळी अनिश्चितता आहे. तू शांत डोक्याचा माणूस, तेव्हा तू देशील तो सल्ला शेवटचा असं आम्ही तिघांनी ठरवलं आहे. मामीला नमस्कार. वजन उचलू नकोस.

तुझी भाची,
शंकासुर (नाव तूच ठेवलंयस, आता निस्तर.)

ता. क. सल्ल्याची घाई नाही. काल शाळेला होकार कळवून आले. आई बरोबर होती. मी 'होय' म्हटल्यावर तिने मान फिरवली, पण 'नाही' म्हणाली नाही.

ता. क. आणखी एक. (आई आंघोळीला गेली आहे, म्हणून भराभर लिहिते.) तूही माझ्याएवढा असताना असाच परदेशी गेला होतास आणि महिन्याभरात परत आलास, हे मला परवाच कळलं. परत का आलास याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार आहे. आजी म्हणते जेवण सोसलं नाही, आई म्हणते थंडी, बाबा म्हणतात एखादी मुलगी असणार. पण तू गेला कशासाठी होतास, असं विचारल्यावर तिघंही एकमेकांची तोंडं बघत बसली. तुला ते कुणी कधी विचारलंच नव्हतं म्हणे. मी विचारतेय. सविस्तर लिही.