गाडीतून आलेला ताईचा आवाज

बाबा,

मी कामावर निघाले. समोर बसून बोलायचा धीर होत नाही, म्हणून हे लिहून फ्रिजवर लावतेय.

रविवारी तुमच्या मोटरसायकलवर बसवलेल्या जुन्या टेपला मी ब्लूटूथ जोडलं. चालतंय का बघायला माझाच फोन त्याला जोडला आणि तो काढायला विसरले. सोमवारी तुम्ही अंगणात किल्ली फिरवलीत, तेव्हा मी आत ताईशी फोनवर बोलत होते. माझ्या कानातला तिचा आवाज एकदम गेला आणि गाडीच्या स्पीकरमधून गल्लीभर ऐकू आला, ‘बाबांचे हात थरथरतात, विकूनच टाकू ती गाडी.’

तेव्हापासून तुम्ही गाडीला हात लावला नाहीत आणि ताईचा फोनही उचलत नाही.

बाबा, आवाज ताईचा होता, पण बोलणं माझं. मी सांगितलं तेच ती बिचारी परत म्हणत होती. तुमच्या मागे बसायची भीती वाटते, हेही मीच म्हटलं होतं. तीन दिवस तिच्या नावावर बिल फाटतंय आणि मी मूग गिळून बसलेय. हातांचं मी तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं. डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ.

माझा फोन काढलाय. किल्ली फिरवल्यावर निळा दिवा लुकलुकला, की तुमच्या फोनमध्ये ‘गाडी’ या नावावर बोट ठेवा, तुमची गाणी लागतील. त्याआधी ताईला फोन करा.

सहाला मला वर्कशॉपच्या गेटवर घ्यायला या. माझं हेल्मेट मी माळ्यावर टाकलंय, तेही आणा.

धाकटी