भाची जिंकली आणि घसरली

प्रिय अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढू नको म्हणून डॉक्टरांनी बजावलंय आणि तू गच्चीवर झाडांना पाणी घालायला जातेस, हे माझ्या कानावर आलंय. (कुणी सांगितलं ते विचारू नकोस.) इकडे आम्ही मजेत.

आता खरी बातमी. तुझी भाची टेनिसमध्ये जगात चारशे बारावी आहे! शेजारचा म्हणतो, म्हणजे पुढे चारशे अकरा आहेत की. अगं, जगात! ज्याला आमच्या जिन्यातसुद्धा कुणी ओळखत नाही, तो माझ्या लेकीच्या पुढचे मोजतो! मी त्याच्याशी बोलणंच टाकलंय.

पण या गुणांनी माझं डोकं खाल्लंय बघ. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, वर-खाली होण्यातलं मला तरी कळायला हवं. स्पर्धेत जितकं पुढं जाल तितके जास्त गुण, इथवर ठीक. पण ते टिकतात फक्त वर्षभर! वर्ष झालं की दुधासारखे नासतात, आणि जागा राखायची तर पुन्हा तेवढे कमवायचे. मागच्या महिन्यात पोरीनं लागोपाठ तीन सामने मारले, उपांत्य फेरी गाठली. मी कामावर सगळ्यांना चहा पाजला. सोमवारी यादी आली तर बाईसाहेब तीस जागा खाली! का, तर गेल्या वर्षी तिथंच ती अंतिम सामना खेळली होती. चहा प्यायलेले अजून मला बघून दात काढतात. पुढं ती तापानं आठवडाभर अंथरुणात पडली, तर चार जागा वर! वरच्या पोरींचे गुण नासले ना. तुझी भावजय तिला म्हणाली, अशीच झोपून राहा, पहिली येशील.

तर पुढच्या आठवड्यात तुमच्या गावात स्पर्धा आहे. गेल्या वर्षी ती तिनंच जिंकली होती, ते सगळे गुण आता जाणार. यंदा निदान अंतिम फेरी गाठली नाही, तर मोठ्या स्पर्धांचं दार बंद, आणि छोट्या स्पर्धांतून पुन्हा वर चढत यायचं. पण ती खेळेल गं. वाघीण आहे पोर. माझ्यावर गेलीय. अभिमानानं छाती फुगते माझी, शर्टाची बटणं तुटायची बाकी आहेत.

तुझा धाकटा

ता. क. ती तुझ्याकडे उतरेल. मागची खोली झाडून ठेव.

ता. क. २. रोज सामन्याला तू जा. मला तिनं येऊ नका म्हणून सांगितलंय. चहा पाजून झाल्यावर मी गुणांचा हिशोब मांडून बसलो होतो, म्हणून त्या उपांत्य सामन्यात ती सर्व्हिस करायला उभी असताना मी ओरडलो, "हरलीस तर तीस जागा खाली!" पंचांनी मला बाहेर काढलं, आणि ती हरली. (माझं गणित मात्र बरोबर निघालं.) म्हणाली, "बाबा, मला चेंडूच्या जागी आकडे दिसायला लागतात. आत्याला बसवा. तिला यातलं काही कळत नाही, ती नुसती खूश होते." मला लागलं गं. पण तू जा.

ता. क. ३. मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा असेन, तिला कळू देऊ नकोस. सामना संपला की बाहेर ये आणि पोर हसत होती का, एवढंच सांग. मला दुसरं काही नको. (स्कोअर तेवढा लिहून आण.)