कानपिळीचा मान

१४ मार्च १९७१, राहाता

देवळालीहून रंगनाथमामाचा निरोप आला. विजयमालेचं जमलं. सुपारी फुटली. मुलगा शेवगावचा, नाव गहिनीनाथ, वीज बोर्डात वायरमन. पर्मनंट.

मला काहीही वाटलं नाही. मुद्दाम नोंद करतो, कारण आईची खात्री होती की मला वाटेल. चुलीपुढं बसून म्हणाली, "मामाची पोर भाच्याच्या हक्काची असती. पाळण्यात घातली तवाच वयनी म्हनली हुती, ही आमच्या श्रीमंताची." मी मोठ्याने हसलो. म्हटलं, आई, पाळण्यातली बोलणी कोर्टात टिकत नाहीत. बरंच हसलो.

रात्री जेवलो नाही. दुपारची भजी बाधली असणार.

१५ मार्च

निराशा हा रिकाम्या डोक्याचा रोग आहे. तेव्हा उद्यापासून पहाटे पाचला उठणे, जोर-बैठका, संध्याकाळी टायपिंगचा क्लास. खरेदी-विक्री संघात टेंपररी क्लार्क म्हणून किती दिवस काढायचे? पर्मनंट व्हायचं ते स्वतःसाठी. कुणा वायरमनशी कॉम्पिटिशन म्हणून नव्हे.

आज खताच्या एका पावतीवर 'मालाचे नाव' या रकान्यात विजयमाला लिहिलं गेलं. हात सराईत झाला की असं होतं. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे निभावलं.

२१ मार्च

पाचला उठलो नाही. ढेकणांमुळे झोप लागत नाही. खाट उन्हात टाकली, उकळतं पाणी ओतलं. एकही ढेकूण निघाला नाही. हुशार जात.

२ एप्रिल

डॉक्टरकडे गेलो. भूक नाही, झोप नाही, छातीत काहीतरी अडकल्यासारखं. माझ्या मते लिव्हर. त्यांनी जीभ बघितली, पोट दाबलं आणि विचारलं, घरात कुणी वारलंय का? म्हटलं, नाही हो, घरात लग्न आहे. त्यांनी लाल औषध दिलं.

डॉक्टरचं डायग्नोसिस कच्चं वाटतं. तरी औषध घेतो आहे.

१८ एप्रिल

मामा पत्रिका घेऊन आला. चपला काढून उंबऱ्यातच उभा, आत यायला तयार नाही. त्याला वाटत होतं मी रागावलोय. लोकांना प्रॅक्टिकल माणूस ओळखताच येत नाही. मी स्वतः हात धरून त्याला आत आणला. वर म्हटलं, मामा, कोठी माझ्याकडे. साखर-तुपापासून पत्रावळीपर्यंत सगळं मी बघतो, तुम्ही निर्धास्त राहा.

मामाचे डोळे भरून आले. आईने कपाळाला हात लावला. माझ्या मनाचा मोठेपणा तिला पेलत नाही.

टायपिंगचा क्लास अजून सुरू केलेला नाही. बोटं दुखतात.

१२ मे, देवळाली प्रवरा

कालपासून कोठीत. खोबऱ्याच्या वाट्या मोजत होतो, तेवढ्यात विजयमाला आली. हळद कुठाय म्हणाली. हळद तिच्या समोरच होती. मग म्हणाली, "श्रीमंत, तुला वाईट वाटलं का रे?"

मी खोबऱ्यावरून नजर न काढता म्हटलं, छे. वाईट कशाचं? आनंद आहे.

मग म्हणाली, "मला वाटलं हुतं, तू आबास्नी काय तरी बोलशील." म्हणजे तिला भीती वाटत होती की मी मामापुढे तमाशा करीन. मी तिला पूर्ण खात्री दिली की तसलं काही होणार नाही. ती बरं म्हणाली आणि हळद न घेताच गेली.

खोबरं पुन्हा मोजावं लागलं.

१६ मे

लग्न पार पडलं. माझ्यामुळे पार पडलं असं म्हणायलाही हरकत नाही.

अक्षता पडल्या, होम सुरू झाला, आणि भटजी म्हणाले, कानपिळीला मुलीच्या भावाला बोलवा. भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळा म्हणायचं आणि त्यांच्याकडून आहेर घ्यायचा, एवढंच काम. पण मामाला दोन्ही मुलीच. चुलतभाऊ भीमा येणार होता, तो मिलिटरीत. ऐनवेळी त्याची रजा रद्द झाली. भटजींनी पुन्हा विचारलं, मुलीचा भाऊ कोण? मग वऱ्हाडातला एकजण म्हणाला, पोरीला भाऊच न्हाई, आमच्या गड्याचा कान वाचला. सगळं वऱ्हाड हसलं. मामीचं तोंड रडवेलं झालं.

आणि आमच्याकडची माणसं माझ्याकडे बघत होती. पाळण्यातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक. त्यांना माझा पडलेला चेहरा बघायचा होता. मी तो दाखवणार नव्हतो. ताडकन उठलो, पुढे झालो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, मी आहे भाऊ.

आईने मागून शर्ट धरला होता. तो सुटला.

कान पिळला. खाजगीत लिहितो, जरा जास्तच पिळला. पण कान वायरमनचा, टणक. गहिनीनाथ हसत म्हणाला, "सांभाळतो, मेव्हणं." त्यांच्याकडून टोपी आणि शर्टपीस मिळालं. विजयमालेने मुंडावळ्या बाजूला करून एकदा माझ्याकडे बघितलं. आदराने बघितलं असावं.

यालाच स्पोर्ट्समन स्पिरिट म्हणतात. सगळ्या पंगती उठेपर्यंत बुंदी वाढली. स्वतः खाल्ली नाही. लिव्हर.

२४ मे, राहाता

शर्टपीस शिंप्याकडे टाकलं नाही. रंग डोळ्यांत खुपतो. आई म्हणते, रंग पांढरा हाय.

६ जून

आज संघात बसल्या बसल्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुष्पावती!

विजयमालेची धाकटी बहीण. हीसुद्धा मामाचीच मुलगी. हक्क तोच. इतके दिवस कसं सुचलं नाही? अक्षर विजयमालेसारखं, चालणं विजयमालेसारखं. हसणं तेवढं वेगळं आहे, ते चालवून घेता येईल. म्हणजे मी उगीच निराश झालो नाही तेच बरं झालं. मुळात झालोच नव्हतो म्हणा.

आईला उद्याच्या पहिल्या गाडीने देवळालीला पाठवतो. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

९ जून

आई परत आली. पाणीसुद्धा न पिता सांगायला बसली. मामी तिला म्हणाली, "वन्सं, आता कसं व्हायचं? चार गावांदेखत त्यानं कान पिळला, भावाचा आहेर घेतला. थोरलीचा भाऊ तो धाकटीचा नवरा कसा व्हईल? पुष्पी तर त्याच्यासाठी राखी करायला बसलीया."

वर आईचं स्वतःचं मत: "दोन पोरी हुत्या. दोन्ही एकाच कानात घालवल्यास."

१३ जून

भटजींना गाठलं. टोपी आणि शर्टपीस कोऱ्या घडीत आहे, परत केलं तर चालेल का विचारलं. ते म्हणाले, आहेर परत कर नाहीतर कान उलटा पिळून ये, नातं सुटत नाही.

शास्त्राचा अभ्यास कमी दिसतो. निराश मुळीच नाही. फक्त संघात आज काही काम झालं नाही, कालही झालं नव्हतं.

२० जुलै

मामाचा निरोप. पंचमीला विजयमालेला माहेरी आणायचं आहे, मुराळी म्हणून मी जावं. मुराळी भाऊच लागतो.

आई म्हणाली, जाऊ नगं, पोटात दुखतंय म्हणून सांग. मी जाणार. विचार केला आहे. लहानपणापासून पाटाच्या पाण्यात वाढलेली मुलगी, तिला ती कोरडी शेवगावकडची बाजू कशी सोसणार? ती तिथे सुकली असणार. मला बघून तिचा बांध फुटेल. तेव्हा कुणीतरी खंबीर माणूस जवळ असला पाहिजे.

२५ जुलै, शेवगाव

सुकलेली नाही. अंगाने भरली आहे. दारातच "आई, माझा दादा आला" म्हणून सासूला हाक मारली.

गहिनीनाथने स्वतः पाय धुवायला पाणी दिलं, आपली खाट मला दिली. घरात तीन बल्ब. एक नुसता गोठ्यात. जेवताना ती त्याच्या ताटात न विचारता मिरचीचा ठेचा वाढत होती, म्हणजे त्याला काय लागतं ते तिला पाठ झालंय. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. लगेच तो विचार काढून टाकला.

२६ जुलै, देवळाली प्रवरा

करंजीच्या घाटात ती रडायला लागली. शेवटी! मी सावरून बसलो. हळूच विचारलं, त्रास आहे का तिथे? असला तर मला सांग. ती नाक पुसत म्हणाली, "न्हाई रे दादा. ह्यांना चार दिस डबा कोन करून देईल, त्याचं वाईट वाटतंय."

नगरच्या स्टँडवर उतरलो. देवळालीकडची गाडी लागायला वेळ होता. तिला आवडतात म्हणून गरम भजी आणली. नको म्हणाली. आज उपास हाय. मी विचारलं, कसला? म्हणाली, "पंचमीच्या आदल्या दिशी भावाचा उपास असतो, तुला ठावं न्हाई?" मी म्हटलं, तुला भाऊ कुठाय? ती हसली. "येड्या, तुझाच की."

पुढचं आज लिहवत नाही.

२७ जुलै, राहाता. नागपंचमी

पुढचं असं, की मी रडलो. स्टँडच्या बाकावर बसून, भज्यांचा पुडा मांडीवर घेऊन. डोळ्यांत धूळ गेली म्हणणार होतो, पण तोंड उघडलं तर हुंदकाच बाहेर आला आणि मग थांबेना. शेजारची म्हातारी म्हणाली, भावाबहिनीची माया अशीच असती. विजयमाला आधी घाबरली होती, मग तिला कळलं. गाडी लागेपर्यंत ती दुसरीकडे बघत राहिली.

आज सकाळी घरी आल्यावर आईला सांगितलं. पहिल्यांदाच. म्हटलं, मला ती हवी होती. दुसरी कुणी नको होती, तीच हवी होती.

आई भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "शिमग्यात निरोप आला तवा असा रडला असतास, तर मी भावाच्या दारात जाऊन बसले असते. हालले नसते तिथून. पर तू हसत हुतास. मला वाटलं, पोराच्या मनातच न्हाई." मग तिने पदर डोळ्यांना लावला. तवा तापून धूर झाला, तरी दोघंही उठलो नाही.

बाहेर बाया झोक्यावर गाणी म्हणत आहेत. संघाला आज सुट्टी.

मामीने काल दारातच सांगून ठेवलंय: आणलीस तशी रविवारी शेवगावला पोचवायलाबी तूच जा, तुझ्याबिगर तिला भाऊ कोन हाय?

मी बरं म्हणालो.